चुन्याचं बोट

मनुबाईचा हात आणि मनुबाईची जीभ एकाच बाईच्या आहेत, हे नवख्या माणसाला सांगून पटलं नसतं. हात असा शांत की गप्पा मारतामारता, खाली न बघता जाळं विणून व्हावं. जीभ अशी की समोरच्याचा पाणउतारा करून झाल्यावर आपण काय बोललो ते मनुबाईलाच आठवू नये. ती बोलून मोकळी व्हायची. ऐकणारा मोकळा होत नाही, हे कळायला तिला आयुष्याची बेचाळीस वर्षं लागली आणि वर चिमूटभर चुना लागला.

मनुबाई डोंबिवलीच्या पश्चिमेची, खाडीकाठच्या मोठागावातली कोळीण. नवरा गोमाजी होडी घेऊन खाडीत जायचा आणि मनुबाई मासळीची पाटी घेऊन बाजारात बसायची. गिऱ्हाइकाने कोळंबीला नाक मुरडलं तर हिने गिऱ्हाइकाच्या नाकाचाच उद्धार करायचा, अशी तिची विक्री. तरी लोक यायचे, कारण मासळी चांगली असायची. मग कारखान्यांचं पाणी खाडीत उतरू लागलं. बोई माशांना रॉकेलसारखा वास यायला लागला, चिखलातल्या निवट्या दिसेनाशा झाल्या. गोमाजी सकाळी गेला तसा रिकामा परत येऊ लागला आणि होडीच्या काठावर बसून बिडी ओढत खाडीकडे बघत राहायचा. मनुबाई बघत बसणाऱ्यांतली नव्हती. ज्या कारखान्यांनी मासे मारले त्यांनीच आता मला पोसायचं, असं ठणकावून ती चौऱ्याऐंशी साली रूळ ओलांडून पूर्वेला गेली आणि एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये कामाला लागली.

शेड होती खांबेटे साहेबांची. साहेब राहायला ठाण्याला नौपाड्यात, शिक्षण रसायनशास्त्राचं, आणि स्वभाव असा की कामगार बाईलाही ‘अहो-जाहो’ केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून त्यांनी झटकन चिकटणाऱ्या डिंकाच्या बाटल्या भरायचा उद्योग काढला होता. पाण्यासारखा पातळ डिंक मोठ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये यायचा, तो फ्रिजमध्ये राहायचा आणि शेडमधल्या बायका तो करंगळीएवढ्या बाटल्यांत भरायच्या. साहेबांनी त्याचं नाव मोठ्या हौसेने ‘क्षणबंध’ ठेवलं होतं. दुकानदार त्याला ‘ती चिकटबाटली’ म्हणायचे आणि साहेब प्रत्येक वेळी ते नाव दुरुस्त करायचे. चार वर्षांत एकही दुकानदार सुधारला नाही.

भरायचं काम मनुबाईकडे होतं. कॅनला लावलेली बारीक तोटी, खाली बाटली. इतके थेंब म्हणजे इतकेच. एक थेंब बाहेर सांडला तर बोट बाटलीला, बाटली टेबलाला आणि टेबल दिवसाला चिकटायचं. बाकीच्या बायकांची बोटं आठवड्यातून एकदा तरी एकमेकींत अडकायची. मनुबाईची चार वर्षांत एकदाही अडकली नाहीत आणि ही गोष्ट ती रोज कुणाला ना कुणाला ऐकवायची.

शेडमध्ये पाणी आणायचं नाही, ओल्या हाताने कशाला शिवायचं नाही आणि पान-तंबाखू आत चालायची नाही, असे साहेबांचे तीन नियम होते. तिसरा नियम मनुबाईच्या जिवावर आला होता. कोळणीने जेवल्यावर पान खायचं नाही म्हणजे मग जेवायचं तरी कशाला? पण तिने नियम पाळला, म्हणजे आपल्या समजुतीप्रमाणे पाळला. जेवण झालं की ती दाराबाहेर पायरीवर बसायची, कनवटीची डबी काढायची आणि पानाला चुना लावायची. तोही डाव्या हाताच्या बोटाने, कारण उजवा हात साहेबांच्या कामाचा. त्याला खरकटं, चुना काही लागता कामा नये. पान तोंडात सरकवून, चावून, चोथा बाहेर टाकून, चूळ भरून, हात पुसून मगच बाई आत यायची.

आता पान खाणारं माणूस कितीही प्रामाणिक असलं तरी बोटावर उरलेल्या चुन्याचं काय करायचं हे त्याच्या डोक्याला विचारून होत नाही. तो बोटाचा आणि जवळच्या भिंतीचा आपसातला मामला असतो. आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीचा जिना बघावा, कोपऱ्याकोपऱ्यात पांढरी बोटं उमटलेली असतात आणि ती उमटवणारा एकही माणूस शोधून सापडत नाही. मनुबाई हात पुसायची तो पदराला, वरवर. नखाच्या कडेला चुना राहायचाच. स्टुलावर बसताबसता ते डावं बोट टेबलाच्या कडेला, खालच्या बाजूने, अलगद ओढलं जायचं. चार वर्षं रोज. तिला कुणी शपथेवर विचारलं असतं तरी तिने नाही म्हटलं असतं आणि ते तिच्या मते खरंच असतं.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर मालू कामाला आली. वीस-एकवीस वर्षांची, माहेर संगमनेरकडच्या खेड्यातलं, सासर शहाडला. पोरगी बोलायला कमी आणि कामाला चलाख. घरी तिला सगळे ‘सूनबाई’ म्हणायचे, शेडमध्ये ‘मालू’ म्हणायचे. एवढ्याचंसुद्धा तिला अप्रूप होतं, हे तिने एकदा मनुबाईला सांगितलं होतं. तिचं काम मनुबाईने भरलेल्या बाटलीला टोचणी, म्हणजे थेंब सोडणारी बारीक नळी, आणि टोपी बसवून ती बंद करायचं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शेवंती तेच काम करायची. मालूसाठी टेबलावर जागा नव्हती, म्हणून साहेबांनी टोचण्यांचा पत्र्याचा ट्रे टेबलाच्या कडेखाली दोन आकड्यांवर टांगून दिला. मनुबाईच्या डाव्या हाताला, बरोबर तिथे.

महिन्याभरात कल्याणच्या दुकानदाराने पहिला खोका परत पाठवला. आतल्या निम्म्या बाटल्या हलवल्या तर आवाज नाही, दाबल्या तर दबत नाहीत. डिंक आतल्या आत दगड झालेला. मग दुसरा खोका आला, मग चार. पावसाळा असता तर साहेबांनी हवेच्या ओलीवर ढकललं असतं, पण दिवस थंडीचे, हवा कोरडी. त्यांनी प्रत्येक खोक्यावर कोणी भरलं, कोणी बंद केलं, याची चिठ्ठी लावायला सुरुवात केली. भरणारी सगळीकडे मनुबाईच. शेवंतीने बंद केलेल्या बाटल्या ठणठणीत आणि मालूने बंद केलेल्या दगड.

“हाताला घाम येत असेल,” साहेब म्हणाले आणि त्यांनी मालूला रबरी हातमोजे आणून दिले. हातमोजे घालून बंद केलेल्या बाटल्याही दगड झाल्या. साहेबांनी टोप्या बदलल्या, कॅन बदलला. काही फरक नाही. फेब्रुवारीत एक दिवस ते परत आलेल्या खोक्यांसमोर डोकं धरून बसले होते, तेव्हा मनुबाई हातातली बाटली न सांडता सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

“साहेब काय करतील बिचारे? एकेकीला हातगुनच नसते. ही हात लावते नि दगड होते.”

बायका हसल्या. मालूही हसली, कारण सगळे हसत होते. मग तिचं हसू कुठेतरी मध्येच राहिलं आणि तिने मान खाली घातली. साहेब काही हातगुण मानणारे गृहस्थ नव्हते. पण कारण न सापडलेल्या माणसाला कुठलंही कारण चालतं. शनिवारी त्यांनी मालूला बोलावलं, बराच वेळ चष्मा पुसला आणि म्हणाले, “मालूबाई, तुम्ही थोडे दिवस घरी राहा. मी कळवीन.” कळवीन म्हणजे काय ते सगळ्यांनाच कळलं. मनुबाईला वाईट वाटलं. पण ते तिने नशिबाच्या नावावर टाकलं आणि घरी जाऊन जेवली.

मंगळवारी दुपारी, पान खाऊन आल्यावर, तिच्या हातून चार वर्षांत पहिला थेंब सांडला. तोटी थोडी सैल झाली होती एवढंच. एक थेंब टेबलाच्या मध्यावर पडला, एक ओघळून कडेला गेला. मधला तसाच, पाण्यासारखा लुकलुकत राहिला. कडेवरच्यातून मात्र पांढरी वाफ निघाली, नाकात झणका बसला आणि बघताबघता तो थेंब तांदळाच्या कणीसारखा टणक झाला. मनुबाईने नखाने खरवडला, निघेना. तिने वाकून कडेखाली बघितलं. तिथे चुन्याचा हा जाड थर, एकावर एक ओढलेली बोटं, काही ओली, काही वाळून पोपडे धरलेली. आणि बरोबर खाली मालूचा ट्रे, त्यात टोचण्यांवर पडलेली पांढरी भुकटी.

तिने आपलं डावं बोट बघितलं. नखाच्या कडेला चुना होता.

मनुबाई काही शाळेत गेलेली नव्हती, पण दोन आणि दोन किती हे तिला बाजाराने शिकवलं होतं. सगळं एकदम डोक्यात उजेड पडावा तसं कळलं आणि त्या क्षणी तिला जे वाटलं ते पश्चात्ताप वगैरे काही नव्हतं. ती भीती होती, साधी, पोटातली. शेड गेली तर परत खाडी, आणि खाडीत काही उरलं नव्हतं. तिने सुरी घेतली, इकडेतिकडे बघत कड खरवडून साफ केली आणि गप्प बसली. एक दिवस गप्प राहिली, दुसऱ्या दिवशीही राहिली. तिची जीभ इतकी शांत कधीच नव्हती. बायकांनी विचारलंसुद्धा, बरं नाही का म्हणून.

मालूच्या जागी साहेबांनी शेवंतीला बसवलं होतं. गुरुवारी परत आलेला एक खोका उघडताना कोणीतरी सहज म्हणालं, “आता बघू शेवंतीचा हातगुण कसा आहे.” बायका हसल्या, अगदी तशाच. शेवंतीने हातातली टोपी ट्रेमध्ये टाकली आणि दोन्ही हात पदरात लपवले. सोळा वर्षांचा संसार केलेली, तीन पोरांची आई, आपलेच हात लपवून बसली.

ट्रेमधली भुकटी मनुबाईने काढलेली नव्हती. म्हणजे शेवंतीच्या बाटल्याही दगड होणार. आपल्या तोंडातून गेलेला शब्द शेडमध्ये असा एकीवरून दुसरीवर फिरताना बघून तिला स्वतःचीच शिसारी आली. ती उठली आणि साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

“साहेब, मना काढून टाका नि मालूला परत बोलवा. बाटल्या मीच मारल्यान.”

साहेबांना आधी काहीच कळेना. मनुबाईने कनवटीची डबी काढून टेबलावर ठेवली, सगळं सांगितलं, गप्प बसलेले दोन दिवससुद्धा सांगितले. साहेब उठले. त्यांनी प्लास्टिकच्या एका पट्टीवर चुन्याचं बोट ओढलं, शेजारी जागा कोरडी ठेवली आणि दोन्हीकडे एकेक थेंब सोडला. चुन्यावरचा थेंब धुरावून दगड झाला. दुसरा मिनिटभराने बघितला, दोन मिनिटांनी बघितला, ओलाच. साहेबांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मनुबाईला वाटलं हे आता आपल्याला काढतात की पेढे वाटतात.

“बसा,” ते म्हणाले. रागवायचं ते विसरूनच गेले होते. “मनुबाई, या बाटलीत आहे तो अजून डिंक नाही. डिंक व्हायला टपलेलं पाणी आहे. आतले कण सगळे सुटे सुटे आहेत. त्यातल्या एकाला कोणी चिथावलं की तो शेजारच्याचा हात धरतो, तो त्याच्या शेजारच्याचा, आणि बघताबघता लाखोंची साखळी होते. ती साखळी वस्तूच्या खाचाखोचांत घट्ट बसते, म्हणून चिकटतं.”

“चिथावते कोन?”

“एरवी हवेतली ओल. आपण कपाची दांडी जोडतो ना, तिच्यावर नजरेला न दिसणारा ओलाव्याचा थर असतो, तेवढा पुरतो. म्हणून डिंक पातळ लावायचा. जाड थेंबाच्या पोटापर्यंत ओल पोचत नाही आणि तो तसाच बसून राहतो.”

“मग बाटलीत का नाय धरीत? बाटलीतपन हवा हाय.”

साहेबांनी तिच्याकडे कौतुकाने बघितलं. “कारण त्यात किंचित आम्ल असतं. आंबट. चिथावणारा आला की आंबट त्याला दारातच गाठून गप्प करतं.”

मनुबाईने क्षणभर विचार केला. “म्हंजे आंबट राखनदार. नि माझ्या चुन्यानं राखनदारच मारला.”

“राखणदारही मारला आणि वर स्वतःच सगळ्यांना चिथावलं. ओलीपेक्षा चुना शंभरपट जहाल.” साहेब खाली बसले आणि मग त्यांचा आवाज बदलला. “मी घाम म्हणालो. मी हातमोजे दिले. मोज्यांनंतरही बाटल्या गेल्या, म्हणजे हाताचा दोष नाही, एवढं तर कुठल्याही विद्यार्थ्याने ओळखलं असतं. मी शोधायचं सोडून मुलीला घरी पाठवलं. तुमच्याइतकाच मी चुकलो, मनुबाई. तुम्हाला काढून माझी चूक थोडीच निघणार? चुना मात्र आता बंद.”

“चुना नाय बंद होनार साहेब. पुसना बंद होईल.”

खांबेटे साहेब किती तरी दिवसांनी हसले. त्याच दिवशी दाराशी व्हिनेगर घातलेल्या पाण्याचं घमेलं आलं, त्यात हात बुडवून, मग साध्या पाण्याने धुऊन आणि खडखडीत कोरडे करूनच आत यायचं. मालूसाठी साहेबांनी चिठ्ठी लिहायला घेतली, पण मनुबाईने कागद त्यांच्या हातातून काढून घेतला. “कागद काय बोलनार? मीच जाते.”

रविवारी ती शहाडला उतरली. पिशवीत एक चांगली बाटली होती. उल्हास नदीच्या बाजूला चाळीतली दोन खोल्यांची जागा. दारात मालूची सासू रंगूबाई गहू निवडत बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, कमरेला पानाची चंची. मनुबाईने कामावरची म्हणून ओळख सांगितली, तशी आतून मालू पाण्याचा तांब्या घेऊन आली.

“तू ऱ्हाऊ दे,” रंगूबाई म्हणाली. “ती दील.” आणि तिने लेकीला हाक मारली. मालूने तांब्या नणंदेच्या हातात दिला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. हे तिला सवयीचं झालं होतं असं दिसलं.

मनुबाईने तांब्या तसाच खाली ठेवला.

“वाईट वाटून घेऊ नगा,” रंगूबाई म्हणाली. “पोरीचं लगीन पंधरा दिसांवर आलंय. म्हनून हिला सांगितलंय, हळदीला, पापडाला हात लावू नगंस. मी काय जाच करनारी सासू न्हाई. पर शुभकार्य हाय, अन् हिचा हातगुण बरा न्हाई म्हनत्यात.”

“कोन म्हनते?”

“हिच्या कामावरची कोन म्हातारी हाय, ती म्हनाली म्हनं. रडत सांगत व्हती ही.”

“ती म्हातारी मीच,” मनुबाई म्हणाली.

रंगूबाईच्या हातातले गहू थांबले. मनुबाईने सगळी हकिगत सांगितली. चुन्याने बाटली दगड होते ही रंगूबाईला थापच वाटली. तेव्हा मनुबाईने स्टीलचं झाकण मागितलं. “नि चुना तुमचाच द्या. माझा नको.”

रंगूबाईने चंचीतून डबी काढली. झाकणावर तिच्याच चुन्याचं बोट ओढलं, त्यावर एक थेंब, आणि कोऱ्या जागेवर एक. पांढरा धूर निघाला, झणका आला, थेंब टणक झाला.

“अगं बया!” रंगूबाई मागे सरकली, मग पुढे आली. “अन् ह्यो दुसरा? ह्यो तर पानीच हाय की.” आणि मनुबाईला हात धरायची संधी मिळायच्या आत तिने तो थेंब अंगठ्याने आणि बोटाने चोळून बघितला.

बोटं जुळली ती जुळलीच. रंगूबाईने एकदा हिसका दिला, दुसऱ्यांदा दिला, कातडी ताणली जाऊन पांढरी पडली आणि तिने बोंब ठोकली.

“ओढू नका!”

हा आवाज मालूचा होता. त्या घरात तो कोणी इतका मोठा ऐकला नसावा, कारण नणंद आतून धावत आली आणि रंगूबाई खरंच थांबली. मालूने तोवर चुलीवरचं कोमट पाणी वाडग्यात ओतलं होतं, त्यात साबण खळबळवला होता. सासूसमोर मांडी घालून बसत तिने तो हात आपल्या हातात घेतला आणि पाण्यात धरला. “अंगाची ओल असते ना आई, तिच्यानं धरतं. ओढलं तर कातडी जाईल. धीर धरा, सुटतं.” दर दोन मिनिटांनी ती चमच्याचा दांडा दोन बोटांच्या फटीत घालून हलकेच फिरवायची, पुन्हा पाण्यात धरायची. घाई नाही, जोर नाही. मनुबाई शेजारी बसून बघत होती आणि तिला असं भरून आलं होतं की बोलायला गेली असती तर रडूच आलं असतं.

पंधरा मिनिटांनी बोटं सुटली. साधं खरचटलंही नव्हतं. रंगूबाईने बोटं उलटसुलट करून बघितली. मग मालूचा हात, जो अजून तिच्याच हातात होता, तोही उलटसुलट करून बघितला.

“हलका हात हाय पोरीचा,” ती म्हणाली, कोणाकडेही न बघता. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “लई हलका हात हाय. म्या खुळीनं कुनाचंबी ऐकलं.” आणि तिने डोळ्याला पदर लावला.

मनुबाईने हात जोडले. “मालू, माझा चुकला गो. उद्यापासून ये. साहेबांनी सांगितलाय.”

मालू उठली, वाडग्यातलं पाणी मोरीत ओतलं, परत आली.

“मावशी, तो शब्द तुम्ही कुठे बोललात?”

“शेडमधी.”

“सगळ्यांसमोर?”

“हो गो.”

“मग इथे घरात येऊन माफी मागून नाही भागायचं. जिथे बोललात तिथे, सगळ्यांसमोर परत बोला. मी उद्या येते. तुम्ही बोललात तरच बसेन, नाहीतर तशीच परत येईन.”

मनुबाईच्या जिभेच्या टोकावर उत्तर तयार होतं. काल आलेली पोर, मला अटी घालते? शहाडपर्यंत पाय झिजवून आले ते कमी झालं का? चाळीस वर्षांत असं उत्तर तिने कधी गिळलं नव्हतं. ते तिने गिळलं आणि निघाली. परतीच्या वाटेवर तिला जास्त भीती कशाची वाटत होती? नोकरी तर वाचली होती. भीती होती ती आठ बायकांच्या हसण्याची. स्वतःवर हसलेलं तिने कधी ऐकलंच नव्हतं.

सोमवारी सकाळी मालू आली आणि आपल्या स्टुलाशी उभी राहिली, बसली नाही. साहेब फ्रिजमधून कॅन काढत होते. मनुबाई टेबलाच्या टोकाला गेली, पदर खोचला आणि घसा खाकरला.

“ऐका गो समद्या. मी बोलले होते, मालूला हातगुन नाय. तो खोटा होता. बाटल्या माझ्या चुन्यानं दगड झाल्या, नि ते कळल्यावर पन मी दोन दिवस तोंड शिवून बसले. पोरीचा हात चांगला हाय. शेवंतीचापन चांगला हाय. वाईट होती ती माझी जीभ. आता कोनाला काय बोलायचा असेल त्यांनी मना बोला, तिना नाय.”

ती हसण्याची वाट बघत उभी राहिली. कोणी हसलं नाही. शेवंतीने पदराखालचे हात बाहेर काढून टेबलावर ठेवले. साहेब कॅन धरून तसेच उभे होते. मनुबाईचे कान तापले होते आणि या बायकांनी काहीतरी बोलावं, शिवी दिली तरी चालेल, असं तिला वाटत होतं.

मालूने स्टूल पुढे ओढलं आणि बसली.

“झालं मावशी,” ती म्हणाली. “भरा आता तुम्ही. मी बंद करते.”